‘स्पेस: १९९९’ : पहिलं पर्व की दुसरं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून दोन रविवार जमतो आणि जुन्या विज्ञान-मालिका बघतो. यंदा ‘स्पेस: १९९९’ लावली. पहिलं पर्व सुखाने पार पडलं. दुसऱ्याचा पहिला भाग लागला त्या दिवसापासून मात्र घरात शांतता नाही. खोलीत भांडून झालं की मंडळी जिन्यात भांडतात, जिना संपला की घरी पोचून मेसेज धाडतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. ज्याने जसं विचारलं तसंच ठेवलंय. पुढे गोष्ट फुटते, ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी पहिला प्रश्न वाचून थांबलं तरी चालेल.

१. ही मालिका कसली? मी तर नावच पहिल्यांदा ऐकतोय.

ब्रिटिश मालिका आहे. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याने आयटीसी कंपनीसाठी केली. पहिल्या पर्वात इटलीच्या ‘राय’ या सार्वजनिक वाहिनीचाही पैसा होता. १९७५ ते १९७७ या काळात ती दाखवली गेली. दोन पर्वं, प्रत्येकी २४ भाग.

गोष्ट अशी : पृथ्वीवरचा अणुकचरा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला साठवलेला आहे. १३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा स्फोट होतो आणि चंद्र कक्षा सोडून अंतराळात भरकटतो. चंद्रावरच्या ‘मूनबेस अल्फा’ या तळावर ३११ माणसं आहेत, ती चंद्रासकट निघाली. परतीची सोय नाही. कमांडर जॉन कोनिग म्हणजे मार्टिन लँडाऊ आणि डॉक्टर हेलेना रसेल म्हणजे बार्बरा बेन. हे दोघं त्या वेळी खरोखरच नवरा-बायको होते.

२. दोन पर्वांत एवढं बदललं तरी काय? मला तर तीच माणसं, तोच चंद्र दिसतो.

माणसंही तीच नाहीत, पण ते नंतर (प्रश्न ४ पाहा). आधी खोली बघा. पहिल्या पर्वात तळाचं मुख्य दालन म्हणजे उंच छताचा पांढराशुभ्र हॉल. वर सज्जा, मोठाल्या खिडक्या, खिडक्यांबाहेर चंद्राची राख. माणसं त्या हॉलमध्ये लहान दिसतात. दुसऱ्या पर्वात हा हॉल गायब होतो आणि सगळा कारभार तळघरातल्या एका छोट्या नियंत्रण-कक्षात येतो. छत खाली आलं, भिंती जवळ आल्या, खिडक्या गेल्या.

कपड्यांचंही तेच. पहिल्या पर्वातला गणवेश रुडी गर्नराइख या फॅशन डिझायनरने केलेला, बाया-माणसांना एकच, फक्त डाव्या बाहीच्या रंगावरून विभाग ओळखायचा. दुसऱ्या पर्वात त्यावर रंगीत जाकिटं आणि बिल्ले चढले. संगीत बॅरी ग्रे यांच्याकडून डेरेक वॉड्सवर्थ यांच्याकडे गेलं. आधी भारदस्त वाद्यमेळ होता, नंतर पायाने ठेका धरावा अशी चाल आली.

पण हा सगळा वरचा रंग झाला. खरा फरक बघायचा तर दोन प्रसंग शेजारी ठेवा. पहिल्या पर्वात ‘ब्लॅक सन’ नावाचा भाग आहे. चंद्र एका कृष्णविवरात ओढला जातोय, वाचण्याची शक्यता जवळपास शून्य. सहा जणांना एका यानात बसवून दूर पाठवून दिलंय. ऊर्जा वाचवायची म्हणून तळ गारठत चाललाय. आणि कोनिग आणि म्हातारे प्रोफेसर बर्गमन शांत बसून जुनी ब्रँडी घेत गप्पा मारतात. आपण आजवर इतक्यांदा वाचलो तो योगायोग, की वर कोणी आहे? उत्तर कोणीच देत नाही. पुढे विवरातून जाताना दोघं जख्ख म्हातारे होतात, एक आवाज ऐकू येतो, आणि चंद्र पलीकडे निघतो. तो आवाज कोणाचा, हे मालिका सांगत नाही.

दुसऱ्या पर्वातही पेय आहे. सुरक्षा-प्रमुख टोनी वर्देस्की घरी बीअर गाळतो आणि ती इतकी वाईट असते की पिणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. हा विनोद पुन्हा पुन्हा येतो. भागाच्या शेवटी संकट निस्तरलेलं असतं आणि मंडळी हसत असतात.

आधी ब्रँडी, नंतर बीअर. आमच्याकडची निम्मी भांडणं या दोन पेल्यांवरून आहेत. माझ्या लेखी ‘टोन’ बदलला तो इथे. विनोद आला म्हणून नव्हे. पहिल्या पर्वात प्रश्न शिल्लक राहायचा, दुसऱ्यात पन्नास मिनिटांत त्याचा निकाल लागायला लागला.

३. हे सगळं त्या फ्रेड फ्रायबर्गरने केलं ना? त्यानेच ‘स्टार ट्रेक’ही बुडवली होती.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहिलेले आमच्यातले जुने लोक हे वाक्य फार जोरात म्हणतात. त्यातलं एवढं खरं की फ्रायबर्गर ‘स्टार ट्रेक’च्या तिसऱ्या आणि शेवटच्या पर्वाचे निर्माते होते (१९६८-६९), आणि ‘स्पेस: १९९९’च्या दुसऱ्या म्हणजे शेवटच्याच पर्वाचेही. शेवटच्या पर्वाला दोनदा एकच माणूस हजर, मग संशय येणारच.

पण दोन्हीकडे ते आले तेव्हा घर आधीच पेटलेलं होतं. ‘स्टार ट्रेक’चा पैसा कापला गेला होता आणि वाहिनीने मालिका शुक्रवारी रात्री दहाला ढकलली होती. तिचा तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात तरी असतो का? ‘स्पेस: १९९९’चं दुखणं वेगळं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी ती घेतलीच नाही, एकेका स्थानिक केंद्राला विकावी लागली. आयटीसीच्या न्यूयॉर्क कचेरीला अमेरिकी प्रेक्षकाला रुचेल असा वेग, मारामारी आणि हसू हवं होतं, आणि त्यासाठीच अमेरिकी माणूस आणला. त्याच सुमारास अँडरसन जोडपं वेगळं झालं आणि सिल्व्हिया मालिकेतून बाहेर पडल्या.

म्हणजे फ्रायबर्गर यांच्यावर दोष नाही का? आहे. त्यांनी स्वतः ‘चार्ल्स वुडग्रोव्ह’ या टोपणनावाने तीन भाग लिहिले. त्यातल्या ‘द रूल्स ऑफ लूटन’मध्ये परग्रहावरची झाडं न्यायाधीश बनतात आणि फुलं-फळं तोडली म्हणून माणसांना मरेपर्यंत झुंजायला लावतात. कल्पना वाईट नाही. पण लूटन हे लंडनजवळचं चांगलं नांदतं शहर आहे. आपल्याकडे कोणी भयाण परग्रहाचं नाव ‘सिन्नर’ ठेवावं, तसं ते ब्रिटिश प्रेक्षकाला वाटलं असणार. लँडाऊ यांनीही दुसऱ्या पर्वातल्या पटकथांवरची नाराजी पुढे उघडपणे बोलून दाखवली. तेव्हा सगळा दोष एकाच्या माथी मारू नका आणि त्यांना साधूही ठरवू नका.

४. प्रोफेसर बर्गमन गेले कुठे? माझा एखादा भाग बघायचा राहिला का?

नाही, तुमचा काही राहिला नाही. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त येतो.

बॅरी मोर्स यांनी केलेले बर्गमन पहिल्या पर्वात घरातल्या आजोबांसारखे आहेत. दुसरं पर्व सुरू होतं आणि ते नसतात. मेले, आजारी पडले, कुठल्या ग्रहावर राहिले, पडद्यावर अवाक्षर नाही. त्यांच्या मृत्यूचा उल्लेख पटकथेत होता, पण प्रक्षेपित भागात तो आलाच नाही. पहिल्या पर्वात मुख्य दालनात कायम दिसणारे पॉल मॉरो आणि डेव्हिड कानो हे दोघंही असेच निमूट गेले. वैमानिक अ‍ॅलन कार्टर राहिला, सँड्रा बेनेसही राहिली, पण त्यांनाही गेलेल्यांची आठवण काढताना आपण पाहत नाही.

मला विचाराल तर दुसऱ्या पर्वाची ही सर्वांत मोठी चूक. दुसऱ्या पर्वात नव्याने आलेली परग्रहावरची माया (प्रश्न ५ पाहा) चालेल, बीअर चालेल. पण ज्या घरात ३११ माणसं आहेत आणि बाहेर कोणीच नाही, तिथे म्हातारा गेला तर सुतक नको? आमच्यातल्या एका ताईंनी ‘द मेटामॉर्फ’, म्हणजे दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग, संपल्यावर विचारलं, “अरे, आजोबांची खोली कोणाला दिली?” त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

५. मला माया आवडते. हे उघड बोलू की नको?

बिनधास्त बोला. कॅथरीन शेल यांनी ती फार जीव लावून केलीय. सायकॉन नावाच्या ग्रहावरची माया हव्या त्या प्राण्याचं रूप घेऊ शकते. बाप मेंटर (ब्रायन ब्लेस्ड, गडगडाटी) माणसांची मनं शोषून ग्रह वाचवू पाहतो, ग्रह फुटतो, बाप मरतो आणि ती अल्फावर येते. म्हणजे अख्ख्या तळावर बाकीच्यांपेक्षाही एकटी असलेली ती एकमेव. लेखकांनी तिच्या या दुःखाकडे जेवढ्या वेळा वळून बघितलं, तेवढ्या वेळा दुसरं पर्व उंच गेलं. नाहीतर बहुतेकदा तिला संकट आलं की रूप बदलून कोणाला तरी बडवायचं काम दिलं.

मायाविरोधी मंडळींचं म्हणणं असं की इतकी सोयीची शक्ती घरात असली की भीती उरत नाही. हे मला पटतं. तरीही ती आवडते. दोन्ही एकदम चालतं.

६. पहिलं पर्व फारच रटाळ नाही का? आमचे बाबा तर दर वेळी झोपतात.

संथ आहे, नाकारत नाही. माझी आई ‘ब्लॅक सन’ बघून म्हणाली होती, “ही माणसं एकमेकांशी नीट बोलत का नाहीत? सगळे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.” तिला दुसरंच पर्व आवडतं, कारण त्यात कोनिग आणि हेलेना यांचं प्रेम आहे हे निदान कळतं. पहिल्या पर्वातल्या प्रेमासाठी भिंग लागतं.

पंचवटीतल्या एका आजींनी मात्र हा वाद एका झटक्यात वेगळ्या वाटेला नेला. त्या म्हणाल्या, “कीर्तनात नाही का, आधी पूर्वरंग असतो, बुवा ब्रह्म-माया-जीव सांगतात, पोरं जांभया देतात. मग उत्तररंगात आख्यान लागतं, तेव्हा सगळे सरसावून बसतात. हे तसंच आहे.” खोलीत सगळे गप्प. मग मागून कोणीतरी म्हणालं, “पण आजी, इथे मध्येच बुवा बदलला की!” आणि पुन्हा सुरू.

बाबांना ‘ड्रॅगन्स डोमेन’ दाखवा, पहिल्याच पर्वातला. बेवारस यानांची स्मशानभूमी आणि तिथे दबा धरून बसलेलं एक लांब हातापायांचं जनावर. ते झोपणार नाहीत, याची हमी.

७. चंद्र असा कक्षेतून उडू शकतो का? नाशकात तरी हे खपवून घेऊ नये.

विचारणाऱ्याचा रोख कळतो. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही, पण खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार अध्यक्ष झाला याचा इथल्या वाचकाला अजून अभिमान आहे. तेव्हा हिशोब करूच.

चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगाने फिरतो. पृथ्वीच्या तावडीतून सुटायला त्या अंतरावर सेकंदाला सुमारे १.४ किलोमीटर वेग लागतो. दोन्हींतला फरक किरकोळ वाटतो, पण ढकलायचा आहे चंद्र. लागणारी ऊर्जा म्हणजे अख्खा सूर्य साधारण शंभर सेकंदांत जेवढी ओततो तेवढी. एवढी ऊर्जा एका बाजूला एका क्षणात फुटली तर चंद्र प्रवासाला निघण्याऐवजी त्याच्या चिंध्याच व्हायची शक्यता जास्त. आणि समजा सुटला, तरी तो सूर्याभोवतीच फिरत बसेल. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, दर आठवड्याला नवा ग्रह कुठून लागणार?

तर नाही, उडू शकत नाही. मात्र याचा दोन पर्वांच्या भांडणाशी संबंध नाही, कारण अशक्य गोष्ट दोन्हीकडे तीच आहे. पहिलं पर्व ‘वैज्ञानिक’ आणि दुसरं ‘भंपक’ असं म्हणणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

८. ईगल यानात काही बदल झाला का?

नावापुरता. ब्रायन जॉन्सन यांच्या हाताखाली बनलेलं हे यान दोन्ही पर्वांत मालिकेची शान आहे, आणि आमच्या खोलीत दोन्ही पक्षांचं एकमत असलेला हा एकच विषय. सर्वांत मोठं मॉडेल ४४ इंची, म्हणजे सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी. अनेक दृश्यांत फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळून त्याच पट्टीवर पुन्हा चित्रण केलंय, म्हणून कडा आजही स्वच्छ दिसतात. (त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या करामती किती आधी केल्या होत्या, हे इथे कोणीतरी दर वेळी सांगतंच. आज मी सांगितलं.) जॉन्सन पुढे ‘एलियन’ चित्रपटाच्या दृश्य-करामतींसाठी ऑस्करचे मानकरी ठरले.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे येतात. ईगल पडद्यावर आलं की ते पुढे सरकून बसतात. त्यांचं म्हणणं : मधला डबा काढून दुसरा लावता येतो, प्रवाशांचा, बचावाचा, प्रयोगशाळेचा. हा विचार ज्याने केला त्याला देखभालीचं काम कळत होतं. चंद्रावर हवा नाही म्हणून पंख नाहीत, हेही बरोबर. “पण मग वातावरण असलेल्या ग्रहावर ही सांगाड्याची गाडी कशी उतरते रे भो?” हा प्रश्न ते दोन्ही पर्वांना सारख्याच तिडकीने विचारतात.

९. दिवसांचा हिशोब जुळत नाही. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग पहिल्या पर्वाच्या आधी घडतो का?

शाब्बास, बारीक नजर आहे. दुसऱ्या पर्वात भाग सुरू होताना हेलेना डायरीसारखी नोंद बोलते : पृथ्वीची कक्षा सोडून इतके दिवस झाले. ‘द मेटामॉर्फ’मध्ये आकडा येतो ३४२. आणि पहिल्या पर्वातल्या ‘ड्रॅगन्स डोमेन’मध्ये आकडा आहे ८७७.

म्हणजे कागदोपत्री माया आल्यानंतर दीड वर्षाने ती मंडळी पुन्हा जुन्या हॉलमध्ये, जुन्या कपड्यांत, बर्गमनसकट बसलेली आहेत. याची जुळणी करायचे प्रयोग आमच्यात झालेत, एकाने तर वहीत तक्ता काढला. साधं उत्तर असं की नव्या चमूने जुना आकडा तपासला नाही. दुसऱ्या पर्वापुरते आकडे धरा, पहिल्यातला तो एक सोडून द्या.

१०. ‘गार्डियन ऑफ पिरी’मध्ये माया आधीच दिसली. ती अल्फावर हेरगिरी करत होती का?

नाही. अभिनेत्री तीच, पात्र वेगळं. कॅथरीन शेल पहिल्या पर्वात त्या एका भागात पाहुण्या म्हणून होत्या. ब्रायन ब्लेस्ड यांचंही तसंच : पहिल्या पर्वातल्या ‘डेथ्स अदर डोमिनियन’मध्ये ते आहेत आणि दुसऱ्यात मायाचे वडीलही तेच. आणखी एक, ‘द बीटा क्लाउड’मधला केसाळ राक्षस म्हणजे डेव्ह प्राउज, पुढे ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ वेडरच्या पोशाखात वावरलेले. यावर पैज लावून मी दोनदा फुकट मिसळ खाल्लीय.

११. दुसऱ्या पर्वातल्या काही भागांत कोनिग जवळजवळ नाहीच. लँडाऊ रुसले होते का?

रुसले असतीलही (प्रश्न ३), पण कारण वेगळं. वेळ आणि पैसा वाचवायला काही भागांचं चित्रण जोडीजोडीने, एकाच वेळी दोन तुकड्यांत झालं. एका भागात कोनिग, तर दुसऱ्यात बाकीची मंडळी. ‘द बीटा क्लाउड’ हा त्यातलाच.

१२. पहिल्या पर्वासारखा एखादा भाग दुसऱ्यात आहे का? आणि उलट?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण विचारणारा पक्ष सोडून बघायला लागलेला असतो.

दुसऱ्यातला ‘द इम्युनिटी सिंड्रोम’ बघा. एक ग्रह, त्यावर एकच एकटं अस्तित्व, ज्याच्याशी बोलायचं तर ते पाहूनच माणूस वेडा होतो किंवा मरतो. यात ब्रँडीची चव आहे. लेखक जॉनी बर्न, पहिल्या पर्वाच्या मुख्य लेखकांपैकी एक. ‘द मेटामॉर्फ’ही त्यांचाच, आणि शेवटचा ‘द डॉरकॉन्स’ही. लेखणी तीच असली की ओळखू येते.

उलट बाजूने, पहिल्यातला ‘द फुल सर्कल’. धुक्यातून गेलेली अल्फाची मंडळी गुहेतली आदिमानवं होऊन हुंकार काढत फिरतात. हा भाग दुसऱ्या पर्वात असता तर आम्ही त्याला सोडलं नसतं. ‘स्पेस ब्रेन’च्या शेवटी तळभर जो फेस पसरतो, तो बघून आमच्याकडच्या चिमुरड्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना वाटलं, कोणीतरी निरम्याचा पुडा सांडला.

१३. मुलगी दहा वर्षांची आहे. सुरुवात कुठून करू?

पहिला भाग ‘ब्रेकअवे’ दाखवाच, त्याशिवाय चंद्र का भटकतोय ते कळणार नाही. मग सरळ ‘द मेटामॉर्फ’वर जा. मुलांना माया लगेच आवडते. तिला गोडी लागली की मागे येऊन पहिलं पर्व. ‘ड्रॅगन्स डोमेन’ इतक्यात नको, रात्री तुम्हालाच उठावं लागेल. शुद्धतावादी मंडळी या क्रमावर चिडतात. त्यांची मुलं आमच्याकडे येत नाहीत, हेही नोंदवतो.

१४. शेवटी ती माणसं घरी पोचतात का?

मालिकेत नाही. तिसरं पर्व झालंच नाही, ‘द डॉरकॉन्स’ हा नेहमीसारखाच एक भाग, निरोप वगैरे काही नाही. पण गोष्टीतल्या स्फोटाची तारीख खरोखर उजाडली, १३ सप्टेंबर १९९९, त्या दिवशी लॉस एंजेलिसला जमलेल्या चाहत्यांपुढे एक छोटी फिल्म दाखवली गेली. संहिता जॉनी बर्न यांची. मालिकेत सँड्रा झालेली झिनिया मर्टन तिच्याच गणवेशात रिकाम्या तळावरून एकटीने शेवटचा संदेश पाठवते : बाकीचे एका राहण्याजोग्या ग्रहावर निघाले आहेत. सात-आठ मिनिटांचा ऐवज आहे. आमच्या खोलीत ती लावली तेव्हा ब्रँडीवाले आणि बीअरवाले दोघंही नाक ओढत होते. दिवे लावायला कोणी उठेना.

१५. पुढच्या रविवारी मी माझं खेळण्यातलं ईगल आणलं तर चालेल का? *(वय वर्षं नऊ, इंदिरानगर)*

आण की. फक्त ओझरच्या काकांच्या हातात देऊ नकोस. ते मधला डबा काढून बघतात आणि परत बसवायचं विसरून मिसळ खायला जातात.